पडदे काढले, पडदा टाकला

माणसाने साठी उलटल्यावर काय करावं याबद्दल आपल्याकडे पुष्कळ मार्गदर्शन मिळतं. पहाटे टेकडीवर जावं, ज्ञानेश्वरी वाचायला घ्यावी, नातवंडांना गोष्टी सांगाव्यात आणि उरलेल्या वेळात सोसायटीच्या सेक्रेटरीशी पाण्याच्या टाकीवरून भांडावं. फ्रेटलेस बास गिटार वाजवावी, असं मात्र कुठल्याही मार्गदर्शकाने लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. तरी मी ती वाजवतो. "नावातच 'बास' आहे, तरी तुम्हाला कळत नाही," असं आमच्या सौ.चं यावरचं मत आहे.

ज्यांच्या घरात हे वाद्य शिरलेलं नाही अशा सुखी लोकांसाठी आधी खुलासा करतो. सतारीच्या दांडीवर जसे पडदे असतात, तशा गिटारीच्या मानेवर धातूच्या पट्ट्या असतात. त्यांना फ्रेट म्हणतात. पट्टीच्या मागे बोट जरा इकडेतिकडे पडलं तरी तारेची लांबी पट्टीपाशीच ठरते आणि सूर मुकाट जागेवर येतो. म्हणजे वाजवणाऱ्याची चूक वाद्य आपल्या पोटात घालतं. फ्रेटलेसमध्ये या पट्ट्याच नसतात. सरोदासारखा सगळा कारभार उघड्यावर. बोट जिथे पडेल तो तुमचा सूर, मग तो जगाला मान्य असो वा नसो. बदल्यात मिळते ती मींड, आणि तो मऊ, गुंजत फुलत जाणारा आवाज. इंग्रजी मुलखातले वादक त्याला 'म्वा' म्हणतात. म्हणून पाहा. आधी ओठ मिटलेले, मग हळूच उघडलेले. तोंडात बेसनाचा लाडू असताना एखादा मनुष्य प्रेमाने काही सांगू पाहतो आहे, असा तो आवाज असतो.

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो 1984 साली, एका कॅसेटवर. मी तेव्हा बँकेत नुकताच कायम झालो होतो आणि बँकेच्या ऑर्केस्ट्रात उसनी आणलेली बास वाजवत होतो. कॅसेट पॉल यंग या इंग्लिश गायकाची होती. त्यातलं 'व्हेअरएव्हर आय ले माय हॅट' हे 1983 सालचं गाणं सुरूच होतं फ्रेटलेस बासवर. वाजवणारा पिनो पॅलाडिनो, वेल्समधल्या कार्डिफचा. गाणं मूळ मार्विन गेचं, 1962 सालचं. पण माझ्या दृष्टीने त्या दिवशी गायक दोन होते आणि पॉल यंगचा नंबर दुसरा होता. मी ती कॅसेट इतक्यांदा मागे फिरवली, की शेवटी ती पेन्सिलीनेच फिरवावी लागली.

ऑर्केस्ट्रातल्या मित्रांनी विचारलं, "तुला जमेल का रे असं?"

मी म्हटलं, "जमेल की. पण त्याला पेडल लागतं. आपल्याकडे मिळत नाही."

हे वाक्य मी पुढे चाळीस वर्षं वापरलं. ऑर्केस्ट्रा बंद पडला, मी प्रमोशन घेऊन तालुक्याच्या गावी गेलो, परत आलो, निवृत्त झालो. वाक्य चालूच होतं. काही लोकांच्या घरात पिढीजात तलवार असते, तसं माझ्याकडे हे वाक्य होतं. वापरायची वेळ कधी आली नाही, पण भिंतीवर शोभून दिसायचं.

मग चिरंजीवांनी घात केला. त्यांनी मला फ्रेटलेस बास आणून दिली. वर म्हणाले, "बाबा, पेडल आता सगळी मिळतात. कुठली हवीत सांगा."

आता पळायला वाट नव्हती. सहा महिन्यांत माझ्या पायाशी चार पेट्या जमल्या. पहिली कॉम्प्रेसर. ही पंगतीत वाढणाऱ्या कडक काकूंसारखी असते. जोरात वाजलेल्याला खाली दाबते, हळू वाजलेल्याला वर ओढते, कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. दुसरी ऑक्टेव्ह. ही येणाऱ्या लाटा मोजते आणि दर दोन लाटांमागे एक लाट सोडते, त्यामुळे मूळ सुराच्या खाली एक सप्तक खर्जातला जुळा भाऊ बोलू लागतो. तिसरी कोरस, जिच्याशी माझं खरं भांडण आहे. आणि चौथी डिले, म्हणजे प्रतिध्वनी. हिच्या कृपेने एकदा चुकलेला सूर चारदा ऐकायला मिळतो.

चारी पेट्या एकमेकींना जोडल्या, खिडक्या उघडल्या (कलेला हवा लागते) आणि ते कॅसेटवालं तोंड वाजवलं. चिरंजीव ओरडले, "बाबा, सेम टू सेम!" मला भरून आलं. चाळीस वर्षं मी म्हणत होतो ते खरं निघालं होतं. नडत होतं ते फक्त पेडल!

दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्यावरच्या माई जिना चढून वर आल्या. माईंचं वय पंच्याऐंशी. चाळीस वर्षं त्यांनी गाण्याच्या शिकवण्या केल्या आहेत आणि सोसायटीत कुणाचा प्रेशर कुकर कुठल्या पट्टीत शिट्टी देतो हे त्यांना ठाऊक आहे.

"काल कोण रे वाजवत होतं तुझ्याकडे?"

"मीच, माई."

"आणि दुसरा?"

"दुसरा कुणी नव्हता."

"असं कसं? दोघं होते. दोघंही बेसूर होते, पण एकमेकांना सांभाळून घेत होते बिचारे."

वाचकहो, कोरस पेडलची इतकी अचूक व्याख्या कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नाही. ही पेटी तुमच्या सुराची एक नक्कल करते, ती काही मिलीसेकंद उशिरा सोडते आणि तो उशीर सारखा कमीजास्त करत राहते. त्यामुळे नकलेचा सूर किंचित चढतो, किंचित उतरतो. मूळ आणि नक्कल एकत्र ऐकली, की दोन माणसं जवळजवळ एका सुरात वाजवताहेत असा भास होतो. स्टुडिओत हाच परिणाम साधायला एकच ओळ दोनदा वाजवून घेत. पेटीने ते काम एका लाथेवर आणलं. आतली युक्ती तर आपल्या वाड्याच्या विहिरीवरची आहे. आग लागली की माणसं रांगेत उभी राहून बादल्या या हातातून त्या हातात देतात ना, तशीच. फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत 1969 साली ही कल्पना निघाली आणि तिचं नावच 'बकेट ब्रिगेड' पडलं. बॉस कंपनीचं 1979 सालचं निळं सीई-2 पेडल आहे, ज्याच्यासाठी आजही लोक जीव टाकतात, त्याच्यातल्या एका चिमुकल्या चिपमध्ये अशा 1024 बादल्या आहेत. तुमचा सूर त्या 1024 हातांतून जातो. तुमच्या हातून तो नीट निघाला होता का, हे मात्र त्यातला एकही हात विचारत नाही.

माईंनी विचारलं. "ते सगळं काढ आणि नुसतं वाजव," म्हणाल्या.

मी काढलं. वाजवलं. पुढचं वर्णन करणं माझ्या जिवावर येतं आहे. गंधार चढलेला, पंचम उतरलेला, आणि मींड कुठून निघाली आणि कुठे चालली हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. चिरंजीव फोनमध्ये पाहू लागले. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि काही न बोलता आत गेल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात हे प्रथमच घडलं.

माई म्हणाल्या, "आता निदान कुठे चुकतंय ते तरी कळतंय."

तेव्हा माझं म्हणणं असं आहे, आणि ते मी आता जरा आवाज चढवूनच मांडणार आहे. ज्या वाद्याचे पडदे काढले, त्या वाद्यावर कोरसचा पडदा टाकून बसणं ही शुद्ध लबाडी आहे. बिनपडद्याचं वाद्य माणूस कशासाठी घेतो? सूर स्वतः शोधायचा म्हणून. आणि तो सापडत नाही म्हटल्यावर काय करतो? दोन चुकीच्या सुरांच्या मधे बरोबर सूर असेलच, असं ऐकणाऱ्याला वाटायला लावणारी पेटी विकत घेतो! गणितात हे चालतं; त्याला सरासरी म्हणतात. गाण्यात चालत नाही.

पेडलपंथी मंडळी लगेच म्हणतील, "पण ऐंशीचा तो आवाज पेडलचाच होता." होता का? बघू.

त्या आवाजाचा पाया घातला तो अमेरिकेच्या जाको पास्टोरियसने, 1976 च्या सुमारास. त्याने काय केलं? 1962 सालच्या फेंडर जॅझ बासचे फ्रेट काढले (बटर लावायच्या सुरीने काढले अशी आख्यायिका आहे), खाचा भरल्या आणि वर होड्यांना लावतात ते इपॉक्सी फासलं. का? तर त्याला पीळदार, खरखरीत राउंडवाउंड तारा वापरायच्या होत्या आणि त्या नुसतं लाकूड खाऊन टाकतात. त्या तारा, ते कडक पॉलिश, पुलाजवळचा पिकअप आणि तिथेच पडणारी उजव्या हाताची बोटं. 'म्वा' जन्माला येतो तो इथे. तार पट्टीच्या अगदी जवळ असली म्हणजे कंप पावताना ती लाकडाला किंचित घासते, आणि सूर निघाल्यावर आणखी फुलतो. पेडल या सगळ्यानंतर येतं. जो लाडू तोंडात घातलेलाच नाही, त्याची चव पेटी वाढवणार कशी?

पॅलाडिनोचं घ्या. त्याची बास म्युझिक मॅनची स्टिंगरे. तिला एकच दांडगा पिकअप, तोही पुलाकडे झुकलेला. तो ऑक्टेव्ह पेडल वापरत असे हे प्रसिद्धच आहे. बॉसचं तपकिरी ओसी-2, 1982 साली निघालेलं. म्हणून आता लोक ती जुनी तपकिरी पेटी देव्हाऱ्यात बसवण्याच्या किमतीला घेतात. पण त्या पेटीचा स्वभाव कुणी बघत नाही. तिला एका वेळी एकच सूर कळतो, तोही स्वच्छ आला तर. मंद्रातल्या शेवटच्या सुरांवर ती अडखळते. आणि गंमत अशी, की बासच्या सर्वांत खालच्या ई सुराची सेकंदाला सुमारे 41 कंपनं. त्याच्या खालचं सप्तक म्हणजे सुमारे 20. तिथे माणसाचा कान संपतो. त्याखालचं ऐकायला हत्ती लागतो. म्हणून जाणता वादक ती पेटी वरच्या अंगाने वाजवताना वापरतो, जिथे खर्जातला भाऊ आधार देतो. हा निर्णय पेटी घेत नाही. तो घ्यायला वादकाच्या कानाला चाळीस रुपयांचं का होईना, शिक्षण लागतं.

आणि त्याच वर्षांतला 'जपान' या इंग्लिश वाद्यवृंदातला मिक कार्न, ज्याचं 1981 सालचं 'टिन ड्रम' ऐकून आजही वाटतं की बास गिटार चालता चालता वाकडी झाली आणि तिला ते आवडलं! हा मनुष्य स्वतःच स्वतःचा गुरू. तिघांचा काळ जवळजवळ एक, वाद्याची जात एक, पण तीन आवाज तीन दिशांना. पेटीने आवाज ठरत असता, तर हे तिघे एकाच कारखान्यातून सुटलेले वाटले असते.

आता एक हिशेब सांगतो, मग पेडलपंथीयांना सोडतो. बासच्या तारेची नेहमीची लांबी 34 इंच. मानेच्या टोकाला एका अर्ध्या स्वराची जागा असते सुमारे 48 मिलीमीटर. मधोमध, बाराव्या घराशी, तीच जागा होते सुमारे 24. म्हणजे हात जसजसा खाली सरकतो तसतशी घरं लहान होत जातात, मुंबईतल्या जागांसारखी. तिथे एक सेंटीमीटर चुकलात तर जवळजवळ पाव स्वराने चुकलात, आणि माई तळमजल्यावर असल्या तरी त्यांना कळतं. या सेंटीमीटरवर उपाय म्हणून बाजारात एकही पेटी नाही. सगळ्या पेट्या मिळून तो सेंटीमीटर फक्त झाकतात.

एवढं बोलल्यावर दुसऱ्या बाजूचे लोक टाळ्या वाजवायला उभे राहिलेले मला दिसताहेत. हे बोटपंथी. "सगळं बोटांत असतं, पेडल म्हणजे सोंग," असं म्हणून ते डोळे मिटतात. त्यांनीही खाली बसावं. ऐंशीच्या दशकात तो मखमली पसारा स्टुडिओतल्या यंत्रांनी वाढवला होता, हे न ऐकू येणाऱ्याने कानातला कापूस काढावा. नुसती बोटं म्हणजे उत्तम शिजलेला भात. पण वरण-तूप नको म्हणणाऱ्याला मी संत म्हणेन, खवय्या म्हणणार नाही. भांडण तुपाशी नाही. कच्च्या तांदळावर तूप ओतण्याशी आहे.

म्हणून कुणाला खरंच तो आवाज हवा असेल, तर चार पेट्यांचे पैसे घालून बसलेल्या माणसाचा सल्ला फुकट घ्या. आधी कुठला आवाज हवा ते ठरवा. 'ऐंशीचा आवाज' म्हणून एक आवाज नसतो; माणूस निवडा, गाणं निवडा. मग वाद्य लावून घ्या: राउंडवाउंड तारा, तारांची उंची कमी, पुलाकडचा पिकअप जास्त. मग इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावून सहा महिने नुसतं वाजवा. पट्टीवर रेघा आखलेल्या असतील तर बोट रेघेवर ठेवा, फ्रेटच्या सवयीने मागे नको. आणि रेघेपेक्षा कानावर जास्त भरवसा. त्यानंतर जीव राहिला नाही तर पेटी घ्या, एका वेळी एक. कॉम्प्रेसर पहिला, सूर लांबवण्यापुरता. ऑक्टेव्ह त्याच्या पुढे, कोरसच्या आधी. डळमळणारा सूर गेला तर तिची मोजणी चुकते. जुन्या तपकिरी पेटीपायी कर्ज काढू नका. ती बंद झाली तरी त्याच कंपनीने 2020 साली काढलेल्या ओसी-5 मध्ये जुन्या आवाजाची सोय ठेवलेली आहे. कोरस शेवटाकडे, संथ आणि इतका थोडा, की चालू असल्याचं कळू नये, पण बंद केल्यावर चुकल्यासारखं वाटावं. डिले घ्यायचा तर सगळ्यांच्या मागे. आणि एकच पेटी परवडत असेल, तर ट्यूनर घ्या. तो दिसायला रुक्ष आहे, पण खोटं बोलत नाही.

हे सगळं मी इतक्या तावातावाने का सांगतो आहे, असं तुम्ही विचाराल. सौ.नेही विचारलं. खरं सांगायचं तर राग पेट्यांवर नाहीच. चाळीस वर्षं मी ज्या वाक्याच्या आडोशाला बसलो होतो, ते वाक्य त्या चार पेट्यांनी सहा महिन्यांत पाडून टाकलं. 'आपल्याकडे मिळत नाही' म्हणत होतो तोवर मी एक संधी न मिळालेला कलावंत होतो. पेट्या आल्या आणि मी एक रियाज न केलेला माणूस झालो. 1984 साली बास उसनी होती हे खरं, पण ती रोज संध्याकाळी रिकामीच असायची. मी कॅरम खेळत असे.

तीन पेट्या मी माळ्यावर ठेवल्या आहेत. कोरस खाली आहे, पण जोडलेली नाही; तिच्यावर तंबोऱ्याची पेटी नीट बसते. रोज सकाळी पाऊण तास मी नुसती बास वाजवतो. पिनो पॅलाडिनो अजून पुष्कळ लांब आहे, आणि या वेगाने तो मला भेटायला कार्डिफहून चालत आला तरी आधी पोचेल. पण परवा जिन्यात माई भेटल्या. थांबल्या. छातीवर हात ठेवून दम घेतला आणि म्हणाल्या, "काल एकटाच होतास ना?"

"हो माई."

"बरं वाटलं. आता फक्त धैवत बघ."